न पोचलेले अनुस्वार

माझी आई रायपुरात, गुढियारीतल्या शेजारणींना सांगते, "आमची संध्या कॉम्प्युटरचे फोटो दाबते." दाबते म्हणजे काय करते, असं कुणी विचारलं तर म्हणते, "ते मले नाही मालूम. पण दिवसभर दाबूनच राहिली, एवढं खरं."

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. त्यांचं काम घरात सगळ्यांना कळायचं. मोडका डबा आत गेला, धड होऊन बाहेर आला. माझ्या कामाचं तसं नाही. ते नीट चालू असलं की कुणाला दिसतच नाही. तरी आईचं म्हणणं चूक नाही. मी खरोखरच फोटो दाबते.

समजा, तुमचा कॉम्प्युटर ऑफिसात आहे आणि तुम्ही घरी. आमचा प्रोग्राम तो ऑफिसातला पडदा जसाच्या तसा तुमच्या घरच्या पडद्यावर दाखवतो. पडदा म्हणजे लाखो बारीक रंगीत ठिपके, आणि एका सेकंदात ते कितीदा तरी बदलतात. सगळेच्या सगळे पाठवायचे ठरवले तर चांगलं नेटसुद्धा मान टाकेल. आमची गिऱ्हाइकं तर खाणीच्या कचेऱ्यांतली, आडगावच्या दवाखान्यांतली. तिथे नेट म्हणजे उन्हाळ्यातला नळ. म्हणून आम्ही कंजुसी करतो. पडद्याचे लहान लहान चौकोन पाडतो आणि जो चौकोन बदलला तेवढाच पाठवतो. चौकोन सगळा पांढरा असेल तर चित्र न पाठवता नुसतं कळवतो, "पांढरा." पान वर सरकलं तर अक्षरं पुन्हा पाठवत नाही, पलीकडच्या पडद्याला सांगतो, "तुझ्याकडे आहे तेच वर सरकव." या कंजुसीतच आमची सगळी हुशारी. पंडरीत कापडाच्या ठोक दुकानांच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली गठ्ठे बांधणारी माणसं कापड दाबतात, वर आम्ही चित्रं दाबतो.

या नोकरीत मी पुष्कळ गमती पाहिल्या. पण माझं काळीज सर्वांत जास्त धडधडलं ते तात्यापाऱ्यातल्या एका घरात, भर दुपारी, एका अनुस्वारापायी.

झालं असं की आमचे एक गिऱ्हाईक, छापखान्याचे मालक गुप्ताजी, यांचा फोन आला. लहान मुलांची हिंदी पुस्तकं ते छापत. पुस्तक छापून होईपर्यंत एकही पान छापखान्याबाहेर जाता कामा नये, अशी पुस्तक काढणाऱ्यांची अट होती. त्यांच्याकडे प्रुफं तपासायला कुमुदकाकू होत्या. मराठी बाई, पण हिंदी अशी पक्की की भल्याभल्यांनी त्यांच्याकडे शब्द विचारायला यावं. त्या पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि छापखान्याचा जिना बंद झाला. तेव्हा गुप्ताजींनी आमचा प्रोग्राम घेतला. छापखान्यात दिलेश्वर नावाचा ऑपरेटर पान उघडून बसायचा, तेच पान काकूंना घरी पडद्यावर दिसायचं. काकू फोनवर चुका सांगायच्या, दिलेश्वर तिथल्या तिथे सुधारायचा. पान छापखान्यातच राहायचं.

गुप्ताजी म्हणाले, "मैडम, दीदीवाला कनेक्शन बंद कर दीजिए. उनसे अब नहीं होगा."

"काहून? म्हणजे, क्यों, क्या हुआ?"

"नज़र गई उनकी. अक्षर पर लगी हुई बिंदी उनको दिखती नहीं. दिलेश्वर परेशान है, रोज़ झगड़ा. नुकसान मेरा होता है." मग जरा थांबून म्हणाले, "अच्छी औरत हैं. मुझसे बोला नहीं जाता. मशीन आप ही ले आइए."

काकूंच्या घरी पडद्याला जोडलेली आमची एक छोटी पेटी होती, ती परत आणायची. ऑफिसातून कुणालाही पाठवता आलं असतं. पण गुप्ताजींना जे बोलवेना ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून काकूंनी ऐकावं, हे मला बरं वाटेना. मीच गेले.

तात्यापाऱ्यात एका औषधाच्या दुकानावर त्यांचं घर. वॉकर धरून त्यांनी दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर शांतपणे म्हणाल्या, "या. पेटी न्यायला आलात ना? पुसून ठेवली आहे."

काकू पुस्तकी मराठी बोलायच्या. माझ्या तोंडून "मी घेऊन जाऊन राहिली" असं काही निघालं की नुसतं हसायच्या. मी वायर काढायला वाकले तेव्हा त्या पाठीमागून म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले मी. ते म्हणाले, चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही."

मी वळून पाहिलं.

"डोळे नाहीत, तर मग डोकं असणार. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. समोरची वस्तू दिसायची नाही, आणि मग दिसायची. शेवटी शेवटी तिने मलाही ओळखलं नाही." हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं, कुणा परक्या बाईबद्दल सांगावं तसं. "माझंही तसंच होतंय. अनुस्वार नसतो. दिलेश्वर म्हणतो, लावला. मी बघते, नाहीच. वादावादी होते. मी पान खूप वर नेऊन परत खाली आणते, आणि तो तिथे असतो."

"रोज होतं असं?"

"रोज. आणि फक्त अनुस्वार. काना, मात्रा, वेलांटी, सगळं दिसतं मला. अनुस्वार तेवढा दिसत नाही. आणि हिंदीतला अक्षराखालचा नुक्ता. एवढं एवढंसंच विसरण्याचा आजार असतो का हो कुठे?"

माझ्या हातातली वायर हातातच राहिली. माणसाचं डोकं असं निवडून निवडून विसरत नाही. असं निवडून वागणारी एकच जात मला ठाऊक होती, आणि तिची एक पेटी माझ्या पुढ्यात होती.

"काकू, दिलेश्वरला फोन लावा. मी वायर परत जोडते."

दिलेश्वर वैतागलेलाच होता. तरी 'हंस' धड्याचं पान उघडलं. मी त्याला म्हटलं, "भैया, पहिल्या ओळीतल्या हंसची बिंदी काढून टाका." त्याने त्याच्या बोलीत होकार दिला, "हव, निकाल दी." पडद्यावर अनुस्वार होता तसाच. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. आता दोघींच्या डोळ्यांना तोच अनुस्वार दिसत होता, जो छापखान्यात नव्हता.

"भैया, तुमच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मला पाठवा. आत्ता!"

फोटो आला. मी मोबाइल काकूंच्या पडद्याला लावून धरला. मोबाइलमध्ये 'हस'. पडद्यावर 'हंस'.

मी किंचाळलेच. खालच्या दुकानदाराने वर बघून "क्या हो गया?" म्हणून विचारलं. काकू खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, तुमचं काही बिघडलेलं नाही. मलाही दिसतोय. हा पहा! जे नाही ते मलाही दिसतंय!"

त्या पुढे झुकल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि फोटो पाहिला. मग पडदा पाहिला. मग पुन्हा फोटो.

त्यानंतर आम्ही तिघांनी जो धुमाकूळ घातला! "भैया, एक काना लावा." लगेच दिसला. "काना काढा." गेला. "पढ़नामधला नुक्ता काढा." काढला म्हणे, पण आमच्याकडे ढिम्म. "पंख"चा काढा, "जंगल"चा काढा. दिलेश्वरचा वैताग कुठल्या कुठे पळाला. तो फोनवर ओरडून सांगू लागला, "दीदी, अब जंगल का हटाया! दिखा? नहीं दिखा? वाह!" मग तो जरा लाजत म्हणाला, "मैडम, मैं तो एक टोटका करता था. दीदी को बिंदी नहीं दिखी, तो गुस्से में दूसरी भी लगा देता. तब दीदी बोलतीं, हाँ लग गई, लेकिन ये गोल-गोल क्या आ गया? फिर मैं एक हटा देता. तब झगड़ा ख़त्म."

हे ऐकलं आणि मला सगळं उलगडलं. मी तिथल्या तिथे काकूंच्या पलंगावर बसले.

एकाच अक्षरावर दोन अनुस्वार दिले की कॉम्प्युटर गोंधळतो आणि तुटक ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाला जागा लागते, म्हणून पुढची सगळी ओळ सरकते. ओळ सरकली की चौकोनात भरपूर बदल होतो, आणि भरपूर बदलला की आमचा प्रोग्राम तो चौकोन पाठवतो. कान्याचंही तसंच, काना आला की पुढची अक्षरं हलतात. पण अनुस्वार शिरोरेषेच्या वर बसतो, नुक्ता अक्षराच्या खाली. ते कुणाला सरकवत नाहीत, कुणाची जागा मागत नाहीत. चौकोनात बदल होतो तो चिमूटभर.

आणि चिमूटभर बदल पाठवायचा नाही, हा आमचा नियम होता. लिहिण्याच्या जागी ती उभी रेघ लुकलुकत असते ना, तिच्यासाठी तो केला होता. ती दर क्षणाला उघडमीट करते, आणि तिच्यापायी चौकोन पाठवत बसलो तर कमजोर नेट तिच्यातच संपतं. म्हणून किरकोळ बदल दिसला तर थांबायचं, जास्त साचला की पाठवायचं. इंग्रजीत या नियमाने कधीच कुणाचं अडलं नाही. तिथे 'आय' या अक्षरावरचं टिंब अक्षराबरोबरच येतं, मागाहून कुणी लावत नाही. आमच्या चाचणीची सगळी पानं इंग्रजी होती. ऑफिसात आम्ही सगळे देवनागरीत लहानाचे मोठे झालेलो, आणि एकाच्याही मनात आलं नाही की एक पान आपल्या लिपीचं ठेवावं. याची हळहळ मला आजही वाटते.

पेटी मी तिथेच ठेवली. गुप्ताजींना फोन करून म्हटलं, "मला थोडे दिवस द्या." ते म्हणाले, "किताब रुकी पड़ी है, मैडम." मी म्हटलं, "तोवर तो टोटका चालू ठेवा. दोन लावा, एक काढा."

"क्या?"

"दिलेश्वर को सब मालूम है."

ऑफिसात तो नियम राकेशने लिहिला होता. तरुण, हुशार, बिलासपूरकडचा. मी सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "बिंदी? सिर्फ बिंदी?" त्याने स्वतः करून पाहिलं, आणि तोही माझ्यासारखाच ओरडला. कामातला असा गुंता सापडल्यावर होणारा आनंद बाहेरच्यांना सांगून कळत नाही. चूक आपलीच, तरी माणूस नाचतो.

पहिला उपाय सोपा वाटला, नियमच काढून टाकायचा. काढला, मुद्दाम नेट कमजोर करून पाहिलं, आणि पान अडकलं ते अडकलंच. लुकलुकणारी रेघ, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळे धावत सुटले आणि खरी अक्षरं मागे राहिली. आमचे साहेब म्हणाले, "एका बाईंसाठी खाणीतली सगळी गिऱ्हाइकं घालवायची का?" बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. नियम काढला तर दवाखाने अडत होते, ठेवला तर काकू.

दोन दिवस मी आणि राकेश फळ्यापुढे. तो लिहायचा, मी पुसायची, मी लिहायची, तो पुसायचा. अनुस्वार ओळखायला प्रोग्रामला शिकवावं का? मग तमिळचं काय, बंगालीचं काय? शेवटी चहा पिता पिता राकेश एकदम थांबला. म्हणाला, "मैडम, कर्सर तो चला जाता है. बिंदी रुकती है."

मी कप खाली ठेवला. इतकं साधं होतं ते! लुकलुकणारी रेघ येते आणि जाते. अनुस्वार येतो आणि राहतो. मग बदल केवढा आहे हे मोजायचंच कशाला? तो टिकला का, एवढं बघायचं. क्षणभर थांबायचं, आणि नेटला उसंत मिळाली की दोन्हीकडचे चौकोन ताडून पाहायचे. त्यासाठी पूर्ण चित्र पाठवावं लागत नाही. प्रत्येक चौकोनाचा एक लहानसा आकडा काढता येतो, आणि चित्रात केसाएवढा फरक पडला तरी तो आकडा पार वेगळा येतो. इकडचा आणि तिकडचा आकडा जुळला तर ठीक, नाही जुळला तर तो चौकोन पाठवायचा. लुकलुकणारी रेघ तर पाठवायचीच नाही. ती कुठे आहे तेवढं कळवायचं, पलीकडचा पडदा स्वतःच काढेल.

आम्ही ते लिहून काढलं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सरकलेल्या पानाने दगा दिला. पान वर सरकवायचा निरोप जायचा, पण आकडे जुन्याच जागेचे ताडले जायचे आणि अर्धं पान उगाच पुन्हा जायचं. तेही सुधारलं. मग कमजोर नेटवर पान पाण्यासारखं वाहू लागलं, आणि राकेशने लावलेला प्रत्येक अनुस्वार माझ्या पडद्यावर टपकन उमटला. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "दवाखान्यांवर चालवून पाहिलं?" पाहिलं होतं. काही अडत नव्हतं. ते म्हणाले, "मग थांबलात कशाला?"

नवा प्रोग्राम घेऊन मी तात्यापाऱ्याला गेले. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. दिलेश्वर फोनवर. त्याने आधीच एका पानाचे सगळे अनुस्वार काढून ठेवले होते, आणि ते बिचारं पान बोडकं दिसत होतं.

"दीदी, लगाऊँ?"

काकूंनी नुसती मान हलवली. मीच म्हटलं, "लगाओ."

क्षणभर काही झालं नाही. तो क्षण आम्हीच ठेवलेला होता, तरी मला तो फार लांब वाटला. मग 'हस'वर अनुस्वार आला.

"दिसली!" काकू ओरडल्या. "दिसली बिंदी! मले दिसली, वं बाई, मले दिसली!"

एवढं पुस्तकी मराठी बोलणारी बाई, आणि त्या घटकेला तोंडून घरचीच बोली निघाली. दिलेश्वर एकामागून एक लावत गेला. पंख, रंग, जंगल, आनंद, बंदर. प्रत्येक वेळी काकू "आली!" म्हणायच्या आणि तो पलीकडून "हव!" म्हणायचा. पानाच्या शेवटी आले तेव्हा त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते. मला म्हणाल्या, "मी बहिणीला कळवून टाकलं होतं, आईचा आजार मला आला म्हणून." आणि लगेच तिला फोन लावायला लागल्या.

संध्याकाळी गुप्ताजींनी मला विचारलं, "तो दीदी की नज़र ठीक है?"

मी म्हटलं, "उनकी ठीक है. हमारी ख़राब थी." पुढचं पुस्तक त्यांनी काकूंकडेच दिलं.

आम्ही ठरवलं की आता चाचणीला देवनागरी पानं हवीत, आणि ती काकूच बनवतील, रीतसर मानधन घेऊन. त्यांनी असे शब्द काढून दिले की एका टिंबाने अर्थ पालटतो. चिता आणि चिंता, रग आणि रंग. मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. तोवर नवा प्रोग्राम आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे आपोआप पोचला होता.

अशीच एकदा त्यांच्याकडे बसले असताना ऑफिसने एक फोन माझ्याकडे वळवला. आमच्याच एका गिऱ्हाइकाकडून, भोपाळच्या उर्दू छापखान्यातून, कुणी वयस्कर गृहस्थ बोलत होते. हळू, अदबीने बोलणारे.

"बहनजी, मैं शिकायत के लिए फ़ोन नहीं कर रहा. बस ये पूछना था कि आप लोगों ने कुछ किया है क्या? इधर हफ़्ते भर से हमारे नुक़्ते सही जगह दिख रहे हैं."

मी उभीच राहिले. उर्दूत तर सगळा खेळच नुक्त्यांचा. अक्षर तेच, फक्त वरचं टिंब खाली गेलं की ख़ुदाचा जुदा होतो. देवनागरीचा विचार केला नाही म्हणून आम्ही हळहळत होतो, आणि इथे आणखी एक माणूस आमच्या पडद्याशी मुकाट्याने झुंजत होता. मी विचारलं, "आपने पहले क्यों नहीं बताया?"

ते नुसते हसले. "क्या बताता? प्रूफ़ देखता हूँ मैं. उम्र हो गई है."

काकू माझ्याकडेच बघत होत्या. "कोण आहे? काय झालं?" मी हळूच सांगितलं, "भोपाळचे आहेत. उर्दू प्रुफं बघतात. नुक्ते दिसायचे नाहीत."

काकूंनी हात पुढे केला. मी मोबाइल दिला. त्यांनी पदर सावरला, जणू ते समोरच बसले आहेत.

"नमस्ते भाईसाहब. मैं रायपुर से बोल रही हूँ, मैं भी प्रूफ़ देखती हूँ," त्या म्हणाल्या. "मेरे साथ भी यही हुआ. मुझे तो लगा था मेरा दिमाग़ जा रहा है."

पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. काकू बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"आपको भी?" त्या म्हणाल्या.